पाकीट कुठे पाठवू? गोव्यातील मराठी दैनिकांच्या मालक-संपादकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील मराठी दैनिकांचे मालक व संपादक

सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, व्हॉट्सॲपवर दोन ओळींचा निरोप आला. ‘१ मेपासून तालुका वार्ताहरांचे मानधन बंद करण्यात येत आहे. कार्यक्रमांच्या प्रेस नोट आयोजकांनी थेट डेस्कच्या ईमेलवर पाठवाव्यात.’ खाली हात जोडल्याचे चित्र. ज्या दैनिकाला मी डिचोली तालुक्यातून बावीस वर्षे बातम्या पाठवल्या, त्याने मला असा निरोप दिला.

दैनिकाचे नाव लिहीत नाही. लिहिले तर बाकीचे म्हणतील, हे त्यांच्या घरचे भांडण, आम्हाला काय त्याचे. पण गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी बहुतेकांची तालुका पाने आटत आली आहेत, हे सकाळी पेपर उलगडणाऱ्या कोणालाही दिसते. म्हणून पत्र सगळ्यांना, आणि बंद पाकिटातून न पाठवता उघड्यावर.

मानधनाचे दुःख नाही. महिन्याला दीड हजार रुपये मिळत, तेवढे स्कूटरच्या पेट्रोललाच जात. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो, पेन्शन आहे, दोन वेळचे भात-कालवण सुटत नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षे हाताने लिहिलेली बातमी पाकिटात घालून डिचोलीच्या स्टँडवर कदंब बसच्या कंडक्टरकडे देत असे. पणजीत कार्यालयाचा पोरगा ते पाकीट उतरवून घेई. पाकीट पोचले नाही असे माझ्या आठवणीत एकदाच झाले, आणि त्या दिवशी बसच बंद पडली होती. पुढे फॅक्स आला, मग मोबाईल. साधने वाढत गेली तसतशी माझ्या बातमीची लांबी मात्र कमी होत गेली.

तालुका वार्ताहर म्हणजे सत्यनारायण, बक्षीस समारंभ आणि निधनवार्ता पाठवणारा माणूस, असा डेस्कवर समज असतो. त्यात तथ्य आहे. मी शेकडो निधनवार्ता पाठवल्या आणि एखादीत जावयाचे आडनाव चुकले की चार दिवस बोलणी खाल्ली. पण तोच माणूस जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांतल्या रविवारी ग्रामसभेत मागच्या खुर्चीवर बसतो. सरपंच बोलला काय आणि सचिवाने इतिवृत्तात उतरवले काय, यातले अंतर तिथे बसल्याशिवाय कळत नाही. वही उघडून कोणी लिहितो आहे एवढे दिसले तरी ‘बघूया पुढे’ म्हणणारा सरपंच तारीख सांगून मोकळा होतो. एका ग्रामसभेला तापामुळे जाता आले नाही. त्या दिवशी कचरा शेडचा ठराव चहा यायच्या आत मंजूर झाला म्हणे.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतले ते सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. गोव्याचे सरकारी राजपत्र गुरुवारी निघते. ते वाचायची मला खोड आहे. पट्टी आणि तांबडे पेन घेऊन बसतो, जुनी मास्तरकी. नगरनियोजन कायद्यात २०२४ साली ३९अ हे कलम आले. त्याखाली झोन, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, बदलायचा प्रस्ताव राजपत्रात येतो आणि लोकांना हरकती-सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. त्या यादीत आमच्या गावचा सर्व्हे क्रमांक दिसला. बागायतीचा झोन, प्रस्ताव वस्तीचा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये दिलेले असते, त्यामुळे वाचणाऱ्याला अंदाज येत नाही. हिशेब केला तर चार हेक्टरांच्या वर. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढला, नकाशा लावून पाहिला. देवळामागचा डोंगर. त्याच्या पायथ्याला झर आहे, आणि झरीच्या पाटावर खालची सात कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, उभी आहेत. उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात तेव्हा अर्धा वाडा त्या झरीवर कळशा भरतो.

मला हे कळले तेव्हा नऊ दिवस उलटून गेले होते. जुलैच्या ग्रामसभेत विषय निघाला. सरपंच म्हणाले, आम्हाला काही कळवलेले नाही, नगरनियोजन खात्याला विचारा. एक म्हातारी कुळागरवाली उठली आणि माझ्याकडेच वळली. ‘मास्तर, हें पेपरार कित्याक येवंक ना?’ (हे पेपरात का आले नाही?) मी म्हटले, उद्या येईल.

रविवारी रात्री बातमी पाठवली. चारशे शब्द, सर्व्हे क्रमांक, राजपत्राची तारीख, हरकतींची शेवटची तारीख, सरपंचांचे म्हणणे, खात्यातल्या अधिकाऱ्याला दोनदा फोन केला आणि त्यांनी उचलला नाही हेही. सोमवारी आली नाही. मंगळवारी विचारले तर उपसंपादक म्हणाला, जागा नव्हती. पुढच्या आठवड्यात म्हणाला, ‘मास्तर, वरून थांबवलीय, मला विचारू नका.’ त्या बिचाऱ्याचा आवाज पडला होता, त्याला मी दोष देत नाही. तीस दिवस संपले. गावातून हरकती गेल्या त्या अकरा. त्याही मी आणि दोन मुलांनी घरोघर फिरून लिहून घेतल्या म्हणून. वाड्यातल्या निम्म्या लोकांना मुदत होती हेच मुदत संपल्यावर समजले.

नंतर एका गुरुवारी रात्री त्याच डेस्कवरून फोन आला. मला वाटले, लागली बातमी. पलीकडून विचारणा झाली, ‘मास्तर, तुमच्या गावाच्या नावात वेलांटी पहिली की दुसरी?’ मी सांगितले. शुक्रवारी पान तीनवर पूर्ण पानाची रंगीत जाहिरात होती: डोंगरउतारावर प्लॉट, झऱ्याच्या सान्निध्यात. गावाचे नाव अचूक छापले होते.

मालक-संपादकहो, जाहिरात घेतली याबद्दल माझी तक्रार नाही. कागद, शाई, छपाई, वितरण यांचा खर्च वाचकाच्या चार-पाच रुपयांत निघत नाही हे मला कळते. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकांचे हे राज्य, त्यात मराठी, कोकणी, इंग्रजी मिळून इतकी दैनिके. प्रत्येकाने जाहिरातीसाठी धावायचेच. तक्रार ही की जाहिरात यायची होती म्हणून बातमी अडली, आणि कायद्याने लोकांना दिलेले तीस दिवस तुमच्या संगणकात पडून संपले. बातमी चूक असती तर छापू नका म्हटले असते. चूक कुठली, हे आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

तुम्ही म्हणाल, एका गावच्या डोंगरासाठी एवढे काय. तर थोडे मागे जाऊ.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गोव्यातल्या खाणींच्या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. त्यानंतर २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत जे खनिज निघाले ते सगळे बेकायदा. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, त्यात नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटींचा होता. ती पाच वर्षे माझ्या दारावरून दिवसाला किती ट्रक गेले असतील? माझ्या बायकोने अंगणात कपडे वाळत घालायचे सोडून दिले होते. मी त्या काळात काय पाठवत होतो? ‘खनिज ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार जखमी.’ ‘धुळीमुळे नागरिक हैराण.’ ‘रस्त्यावर पाणी मारण्याची मागणी.’ हे ट्रक कुठल्या कागदावर धावतात, लीजची तारीख काय, असा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. शिक्षक होतो, तारखा पाठ करून घेणे हा माझा धंदा. तरी नाही सुचले. सगळेच गप्प होते असे नाही, काही जणांनी लिहिले आणि त्याची किंमत मोजली. मी मात्र त्यांच्यात नव्हतो. राजपत्र पट्टी लावून वाचायची खोड मला त्यानंतर लागली, हे कबूल करून ठेवतो.

मुक्तीनंतरची आपली वृत्तपत्रे खाण उद्योजकांच्या पैशावर उभी राहिली, हा इतिहास आहे. ‘गोमन्तक’ १९६२ साली चौगुल्यांनी काढला, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ साली आणि ‘नवप्रभा’ १९७० साली धेंप्यांनी. त्यांनी काढली नसती तर आमच्या पिढीला सकाळी वाचायला मराठी पेपर मिळाला नसता, हे उपकार नाकारणारा मी कोण? त्या काळी निदान कोण कुठे उभा आहे हे माहीत असे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची आठवण वडील सांगत. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा, मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधातला, आणि दोन्ही मराठीच. आमच्या घरी फुलाला, म्हणजे विलीनीकरणाच्या चिन्हाला, मत होते, तरी वडील शेजारच्या दुकानात जाऊन ‘राष्ट्रमत’ वाचून येत, आणि घरी येऊन त्याला शिव्या घालत. विरोधाचे चिन्ह असलेली दोन पाने १,७२,१९१ मते घेऊन जिंकली, फुलाला १,३८,१७० पडली. वडील हरले, पण आपल्याला कोणी अंधारात ठेवले असे ते कधी म्हणाले नाहीत.

त्याच वडिलांची लग्नपत्रिका माझ्याकडे ट्रंकेत आहे. सालाझारच्या राजवटीत लग्नाचे आमंत्रणसुद्धा सेन्सॉरला दाखवून मगच छापता येई. कोपऱ्यात तो शिक्का अजून दिसतो, जांभळा, फिकट. शिक्का असला की वाचणाऱ्याला समजे की यातून काही गाळलेले असू शकते. माझी बातमी अडली त्या दिवशीच्या पानावर तसले काहीच नव्हते. तिथे एका मंत्रिमहोदयांच्या वाढदिवसाचा फोटो होता.

आता बाकीच्या गोष्टी, भराभर.

खात्याकडून आलेली प्रेस नोट जशीच्या तशी छापता. परवा तीन दैनिकांत एकच बातमी, एकच मथळा आणि एकच चुकलेला शब्द: ‘लोकार्पण’च्या जागी ‘लोकर्पण’. मुद्रितशोधकही काढून टाकले की काय? तिच्यावर ‘विशेष प्रतिनिधी’ असेही छापलेले असते. हा प्रतिनिधी कोणाचा?

जाहिरात आणि बातमी यांच्यातली रेघ पुसली आहे. कॅसिनोचा, बिल्डरचा, उमेदवाराचा मजकूर बातमीच्याच अक्षरात, बातमीच्याच स्तंभात येतो, आणि ‘जाहिरात’ हा शब्द कुठेतरी मुंगीएवढा असतो, कधी तोही नसतो. २०२७ ची विधानसभा निवडणूक लांब नाही. पैसे मोजून बातम्या छापून घ्यायचे ‘पॅकेज’, हा शब्द तालुक्यातल्या पंचालासुद्धा माहीत आहे. तुमच्याच माणसांनी तो शिकवला.

बदनामीची नोटीस आली की वार्ताहर एकटा. शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुण वार्ताहराला रेतीच्या बातमीवरून वकिलाची नोटीस आली. त्याच्या दैनिकाने उत्तर दिले की हा आमचा कर्मचारी नाही. बातमी छापताना होता, नोटीस येताच नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महिन्याला दोन हजार मिळवणाऱ्या पोराने ती जोखीम कोणाच्या भरवशावर घ्यायची? तो आता विमा विकतो. चांगला विकतो.

आणि हडफडे. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री तिथल्या नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसे गेली. पुढचे पंधरा दिवस तुम्ही सगळ्यांनी उत्तम बातमीदारी केली, मी कात्रणे ठेवली आहेत. मिठागराच्या जागेतले बांधकाम, पंचायतीने काढलेली पाडण्याची नोटीस, तिला वरून मिळालेली स्थगिती, अग्निशमनचा नसलेला दाखला. हे कागद आगीत निर्माण झाले नाहीत. ते आधीपासून पंचायतीच्या आणि खात्याच्या फायलीत होते. ग्रामसभेत बसणारा, नोटिशीची प्रत मागणारा, स्थगिती कोणी दिली ते विचारणारा माणूस आठवड्याला दोन बातम्या देतो आणि त्यातली एखादी आग लागायच्या आधी छापून येते. नेमका हाच माणूस तुम्ही १ मेपासून कमी केला.

नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाचे उदाहरण तर ताजेच आहे. आराखड्यातल्या ‘नजरचुका’ दुरुस्त करायच्या म्हणून २०२३ साली ते आणले, आणि त्या नावाखाली भातशेती व डोंगर वस्तीच्या झोनमध्ये गेले. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याचे नियम रद्द केले. न्यायालयात गेल्या त्या संस्था. त्यांनी राजपत्रे वाचली, क्षेत्रांच्या बेरजा केल्या. ते काम खरे म्हणजे आपले होते, आणि तुमच्याकडे तर छापखानाही होता.

तुमची एक बाजू मी ऐकली आहे: लोक आता पेपर वाचत नाहीत, मोबाईलवर बघतात. बघतात खरे. आमच्या गावात दोन पोरे मोबाईलवर ‘न्यूज चॅनल’ चालवतात. त्यातला एक धाडसी आहे आणि दुसरा सरपंचाचा भाचा आहे. धाडसी पोराने त्या डोंगराचा व्हिडिओ टाकला, पण सर्व्हे क्रमांक चुकीचा दिला, आणि दुसऱ्याच भाटकाराच्या (जमीनदाराच्या) दारात लोक भांडायला गेले. त्याच्यावर कोणी उपसंपादक नव्हता. चूक पकडणारी यंत्रणा तुमच्याकडे आहे आणि धाडस त्याच्याकडे, अशी ही वाटणी झाली आहे.

मागण्या फार नाहीत. वकिली भाषा मला येत नाही, साधेच लिहितो.

प्रत्येक तालुक्याला किमान एक वार्ताहर ठेवा, नेमणुकीचे पत्र द्या आणि जगता येईल असे वेतन द्या. मला नको, माझे वय झाले. एखाद्या तरुण मुलीला द्या. आमच्या हायस्कुलातून अशा दोघी-तिघी बाहेर पडल्या आहेत की सरपंच घाम पुसतील.

पैसे घेऊन छापलेल्या मजकुराच्या डोक्यावर, मथळ्याच्याच आकारात, ‘जाहिरात’ असे लिहा. खात्याची प्रेस नोट छापली तर ‘प्रसिद्धिपत्रक’ लिहा. यात एक पैसा खर्च नाही.

मालकांचे आणि त्यांच्या भागीदारांचे जमीन, खाण, हॉटेल, कॅसिनो यांत काय गुंतलेले आहे ते वर्षातून एकदा आपल्याच पेपरात छापा. सरकारकडून वर्षभरात जाहिरातींचे किती रुपये मिळाले तेही त्याच दिवशी छापा. आमदारांनी निवडणुकीत मालमत्ता जाहीर करावी असे अग्रलेख तुम्ही लिहिले आहेत, मी वाचले आहेत, काही तर वर्गात वाचून दाखवले आहेत.

तुम्ही छापलेल्या बातमीवर नोटीस आली तर वकील तुमचा असावा.

थांबवलेली बातमी का थांबवली, हे वार्ताहराला लेखी कळवा. एक ओळ पुरे. चुकीची असेल तर तो शिकेल. मालकाच्या मित्राची असेल तर तेही त्याला कळू दे.

आणि दर शुक्रवारी राजपत्रातल्या झोनबदलाच्या यादीचा एक चौकोन छापा: गाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, आधीचा झोन, प्रस्तावित झोन, हरकतीची शेवटची तारीख. मत नको, टीका नको, मथळाही नको. राशिभविष्याच्या शेजारी चालेल, तिथे सगळे बघतात.

आमचा डोंगर अजून आहे. गेल्या महिन्यात वरच्या बाजूला खुणेचे चुन्याचे फराटे मारले गेले आहेत, आणि झरीकडच्या पायवाटेवर तारेचे कुंपण आले आहे. ते कोणाच्या परवानगीने, हे पंचायतीत विचारले तर सचिवबाई म्हणाल्या, अर्ज करा. केला आहे. माहिती हक्काची तीस दिवसांची मुदत चालू आहे.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी नेहमीच्या खुर्चीवर असेन. मानधन बंद झाले म्हणून वही बंद झालेली नाही. बातमी लिहून तयार होईल, चारशे शब्दांच्या आत, दोन्ही बाजू विचारून. कदंब बसचा कंडक्टर ओळखीचा आहे, पाकीट तो अजूनही नेतो म्हणाला. पणजीत ते कोणाच्या दारात उतरवून घेतले जाईल, तेवढा पत्ता तुमच्यापैकी कोणी तरी कळवा.

आपला,
एक माजी तालुका वार्ताहर
डिचोली, गोवा